'हास्यजत्रे'चा एक व्हिडिओ बघता बघता दहा का होतात?

झोपायच्या आधी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चं एक स्किट लावलं आणि तासभर गेला, असं तुमचंही होत असेल. 2018 मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेला हा कार्यक्रम टीव्हीइतकाच मोबाईलवरही बघितला जातो. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या जोडीने उभ्या केलेल्या या कार्यक्रमात असं काय आहे?

पहिलं कारण म्हणजे माणसं ओळखीची वाटतात. गौरव मोरे 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून गाजला. फिल्टरपाडा म्हणजे पवईतली वस्ती. आयआयटी आणि हिरानंदानीच्या शेजारची, पण बातम्यांत क्वचितच दिसणारी. मराठी टीव्हीवर वस्तीतला माणूस बहुतेक वेळा नोकर नाहीतर गुंड असायचा. इथे तो पत्ता मिरवत हिरो म्हणून एन्ट्री घ्यायचा. नम्रता संभेरावची लॉली किंवा समीर चौघुलेंचे बेरकी म्हातारे, यांच्यासारखं कुणीतरी आपल्या चाळीत किंवा सोसायटीत असतंच.

दुसरं कारण, थोडा आगाऊपणा. कलाकार एकमेकांचे केस, रंग, वजन, गरिबी काहीच सोडत नाहीत. कट्ट्यावर मित्र जसे एकमेकांची खेचतात, तसंच. तमाशातल्या बतावणीत आणि दादा कोंडके यांच्या सिनेमांतही हा चावटपणा होताच.

पण खेचण्याची मजा कुठे संपते? ज्याच्यावर विनोद होतो त्याच्याच हातात पंच असेल, तर हसू मोकळं येतं. वनिता खरातने 2021 मध्ये बॉडी पॉझिटिव्हिटीसाठी फोटोशूट केलं, तेव्हा आपल्या शरीराबद्दल काय बोलायचं हे तिने स्वतः ठरवलं होतं. स्किटमध्ये मात्र दर दोन मिनिटांनी जाडेपणावर येणारा पंच आळशी वाटतो. तो ऐकून वर्गातल्या एखाद्या मुलीला तेच नाव पडतं, हेही खरं.

आणखी एक गोष्ट खटकते. अमेरिकेत 1975 पासून चालणाऱ्या 'सॅटर्डे नाईट लाईव्ह'मध्ये राष्ट्राध्यक्षांची नक्कल नेहमीची आहे. आपल्याकडे सत्तेवरचा विनोद जपून होतो. भीती समजण्यासारखी आहे: 'एआयबी नॉकआऊट'मध्ये तर रोस्ट होता फिल्मस्टार्सचा, तरी 2015 मध्ये पोलीस तक्रारी झाल्या आणि व्हिडिओ काढावा लागला. त्यामुळे टीव्हीवरचा आगाऊपणा शेजारी, सासू आणि मित्राच्या टकलापर्यंतच पोहोचतो.