निस्तारातलं घर

भंडारा जिल्ह्यात आज कुणी घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न हाच असतो: लेबर ठेका की विथ मटेरियल? लेबर ठेक्यात विटा, रेती, लोखंड, सिमेंट घरमालक स्वतः आणतो आणि मिस्त्रीला चौरस फुटामागे मजुरी देतो. विथ मटेरियलमध्ये पायापासून स्लॅबपर्यंत सगळं ठेकेदाराच्या हाती जातं. पूर्वीची माणसं कसबी होती, एकमेकांच्या मदतीला धावत होती, म्हणून स्वतः घरं बांधत, आता कुणाला वेळ नाही आणि हातात कसब नाही, असं या ठेकेदारीचं कारण सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर कसब नंतर गेलं. आधी गेला तो सामानावरचा हक्क.

जुनं धानपट्ट्यातलं घर जवळून पाहू. माती गावातलीच. ती भिजवून, तणस मिसळून, पायांनी तुडवून गारा करायचा आणि हातभर उंचीचा थर घालायचा. तो वाळला की त्यावर दुसरा. भिंत उभी व्हायला उन्हाळा लागे, पण कुठे चूक झाली तर ती डोळ्यांना दिसे आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येई. कुंभार चाकावर निमुळती नळी काढून तिचे उभे दोन भाग करी आणि भट्टीत भाजी, की झाले छपराचे दोन कवेलू. सुतार मयाल आणि खांब बसवी. म्हणजे 'स्वतः बांधलेल्या' घरातही कसबी माणसं होतीच. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती सुतार वर्षाच्या धान्यावर करी, घराचं काम मात्र वेगळ्या मजुरीचं. घरधनी कारागीर नव्हता, पण काय आणायचं, केव्हा आणायचं, किती थांबायचं हे तोच ठरवी. दरवर्षी मृगाआधी घर शाकारताना, कवेलू फेरताना, त्याला प्रत्येक फाटा ओळखीचा असे.

हे शक्य झालं ते निस्तारामुळे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं सामान रानातून घेण्याच्या गावाच्या हक्कामुळे. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, तरी त्यांच्या जंगलातून घरासाठी लाकूड, बांबू, सरपण घेण्याचा गावकऱ्यांचा रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात लिहिला गेला. साकोली, तुमसर, पवनीकडच्या रानाकाठच्या गावांत घराच्या सांगाड्याला पैसा फारसा लागत नसे, तो याच आधारावर. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे, बेगार करावी लागे, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला रानातला वाटा बरोबरीने मिळत होता असं कुणी म्हणू नये. तरी घराचं सामान बाजारातून विकत घ्यायचं असतं, ही कल्पना बहुतेकांना परकी होती.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदारी गेली हे चांगलंच झालं, पण मालगुजारांची जंगलं सरकारकडे आली आणि गावाचा रिवाज वनखात्याच्या परवान्यात आणि डेपोच्या दरात अडकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी निस्तार पत्रकाची तरतूद आजही आहे. मात्र घर बांधणारा माणूस लाकडाकडून सिमेंट-लोखंडाकडे वळला, आणि त्या सामानाला कुठल्याच पत्रकात जागा नव्हती. ते रोखीनं किंवा उधारीनं घ्यायचं. ठेकेदाराची खरी ताकद इथे आहे. थापी धरणारे हात गावात आजही आहेत, पण दुकानदाराकडे त्याची पत चालते आणि रेतीचा ट्रॅक्टर त्याच्या फोनवर येतो.

यावर सगळ्यात जड आक्षेप किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गाडली गेली, ती लोकांनी आपापल्या पद्धतीनं बांधलेल्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली. भंडाऱ्यातही ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरात मातीची घरं बसली. मग घर जाणत्याच्या हाती देणंच शहाणपणाचं नाही का? आक्षेप खरा आहे, पण तो बांधकामाच्या रीतीवर आहे, घर कुणाच्या हाती असावं यावर नाही. किल्लारीनंतर काय झालं तेही पाहिलं पाहिजे. ५२ गावं नव्या जागी वसवली, तिथली घरं सरकारनं आणि संस्थांनी बांधून दिली. त्याच वेळी दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः केलं: पैसे आणि सामानाची मदत सरकारची, सल्ला अभियंत्यांचा, देखरेख घरच्यांची. तंत्र शिकवणारा आणि ठेका घेणारा एकच असावा लागत नाही, हे तिथे दिसलं. काँक्रीटच्या बाबतीत तर हा फरक अधिकच महत्त्वाचा. गाऱ्याची चूक दिसते. स्लॅबच्या मालात पाणी जास्त झालं, सळई वर-खाली झाली, तर एकदा माल ओतल्यावर ते कुणालाच दिसत नाही. अशा कामात फायद्याचा वाटा नसलेला एक जाणकार माणूस मालकाच्या बाजूला उभा असायला हवा.

घर मालकाच्याच हाती असावं, हे तत्त्व सरकारी योजनांनी मान्य केलं आहे. इंदिरा आवास योजनेत ठेकेदार नको, लाभार्थ्यानं स्वतः बांधावं, असा दंडक होता. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही तो कायम आहे: किमान २५ चौरस मीटर घर, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, हप्त्याहप्त्यानं. पण पुढचा हप्ता काम दिसल्यावर येतो, आणि काम व्हायला सामान आधी लागतं. मधली पोकळी ज्याच्याकडे उधारी आहे तोच भरतो. कागदावर घर लाभार्थी बांधतो, अंगणात मात्र ठेकेदाराच्या विटा पडतात.

म्हणून मला राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणातली एक तरतूद मोठी वाटते: घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत रेती विनामूल्य. ५ ब्रास म्हणजे ५०० घनफूट. वैनगंगेच्या काठच्या माणसाला त्याच नदीची रेती घरापुरती हक्कानं मिळणं, हा निस्तारच आहे, फक्त नाव वेगळं. मयालीच्या लाकडासाठी जे पूर्वी वाजिब-उल-अर्जात लिहिलं जाई, ते आता रेतीसाठी लिहिलं गेलं आहे. विटा, सिमेंट आणि लोखंड मात्र अजून दुकानदाराच्या वहीत आहेत.