'इंडियन समर': नावापुरता भारतीय उन्हाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील वृत्तपत्रे वाचताना 'इंडियन समर' हा शब्द हमखास भेटतो. मराठी वाचकाला प्रथम वाटते, की आपल्या वैशाख वणव्याबद्दलच काही लिहिलेले असावे. प्रत्यक्षात या शब्दाचा भारताशी काडीचाही संबंध नाही. पानगळ सुरू झाली, पहिले हिमतुषार पडले, गरम कपडे कपाटातून बाहेर निघाले आणि आता चार-पाच महिने सूर्यदर्शनाची आशा नाही, असे वाटत असताना अचानक येणारे उबदार दिवस म्हणजे इंडियन समर. कधी तीन दिवस, कधी आठवडा. त्यानंतर हिवाळा जो येतो तो मार्चपर्यंत हलत नाही.

या दिवसांची अधिकृत, सर्वमान्य व्याख्या नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यू इंग्लंड व न्यूयॉर्कच्या परिसरात, जुनी माणसे एका अटीवर मात्र ठाम असतात. आधी कडाक्याचे हिमतुषार पडून गेलेले असले पाहिजेत. थंडीने कोवळी रोपे जळून गेल्यानंतर जी ऊब येते, तीच खरी. सप्टेंबर लांबला तर तो नुसता लांबलेला उन्हाळा. 'ओल्ड फार्मर्स अल्मनॅक' हे तिकडचे जुने पंचांगवजा वार्षिक तर ११ ते २० नोव्हेंबर अशा तारखाही देते. इंग्रज त्या मानाने सैल. ब्रिटिश हवामान खात्याच्या १९१६ मधील परिभाषाकोशात शरद ऋतूतील, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील उबदार व शांत हवेचा काळ एवढाच अर्थ दिलेला आहे.

असे दिवस येतात कसे, हे समजून घेणे अवघड नाही. शरद ऋतूत उत्तरेकडील थंड हवेच्या लाटा एकामागून एक दक्षिणेकडे उतरू लागतात. अशी एखादी लाट ओसरल्यावर तिच्या मागून आलेले जास्त दाबाचे क्षेत्र कधीकधी पूर्व किनाऱ्याजवळ मुक्काम ठोकते. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. साहजिकच त्याच्या पश्चिमेच्या अंगाला दक्षिणेकडील, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूची उबदार हवा वर ओढली जाते. जास्त दाबाच्या क्षेत्रात हवा वरून खाली बसते, दाबली जाऊन तापते आणि ढग तयार होऊ देत नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला, दुपारचा पारा वीस अंशांच्या पुढे. रात्री मात्र लांब आणि स्वच्छ असल्याने जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे पुन्हा स्वेटर शोधावा लागतो. खाली बसणाऱ्या याच हवेमुळे धूर व धूळ जमिनीलगत कोंडून राहते. दूरचे डोंगर निळसर धुरकट दिसतात आणि मावळतीचा सूर्य तांबडा होतो. जुन्या वर्णनांत उबेइतकेच या धुरकटपणालाही महत्त्व आहे.

मग लोक करतात काय? तर घराबाहेर पडतात. उपाहारगृहांच्या आत गेलेल्या खुर्च्या पुन्हा पदपथावर येतात. सफरचंदाच्या बागांत फळे तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात, शेतावरून भोपळे आणले जातात, बागेत शेगडी पेटते, कचेरीतील मंडळी जेवणाचा डबा घेऊन हिरवळीवर बसतात. कोणी घराच्या रंगाचे राहिलेले काम उरकते, कोणी गच्चीतल्या कुंड्या आत घेते. १ ऑक्टोबर २०११ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील ग्रेव्हसेंड येथे २९.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ब्रिटनमधील ऑक्टोबर महिन्याचा तो उच्चांक ठरला. मुंबईकराला हा आकडा गारव्याचा वाटेल; पण त्या शनिवारी दक्षिण इंग्लंडचे समुद्रकिनारे माणसांनी भरून गेले होते. कोट अंगावर चढण्यापूर्वी मिळालेल्या उन्हाची किंमत त्या माणसांनाच ठाऊक.

नाव कोणाचे?

'इंडियन' म्हणजे येथे अमेरिकेतील मूळ रहिवासी, ज्यांना आपल्याकडील जुन्या पुस्तकांतून 'रेड इंडियन' म्हटले जाई. या शब्दप्रयोगाची आजवर सापडलेली सर्वांत जुनी नोंद १७७८ च्या जानेवारीतील आहे. न्यूयॉर्क प्रांतात शेती करणाऱ्या सेंट जॉन द क्रेव्हकर या फ्रेंच वंशाच्या लेखकाने आपल्या भागातील हिवाळ्याचे वर्णन करताना बर्फापूर्वी येणाऱ्या धुरकट, सौम्य काळाला लोक असे म्हणतात, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे त्याआधीपासून शब्द बोलीत होता.

तो का पडला, याबद्दल तर्कच अधिक. मूळ रहिवासी या दिवसांत शिकारीला निघत, म्हणून. ते गवताळ माळांना आगी लावत आणि त्याचा धूर पसरे, म्हणून. पीक गोळा करण्याचा त्यांचा हा काळ, म्हणून. सर्वांत कडू स्पष्टीकरण जोसेफ डॉड्रिज यांच्या १८२४ मधील पुस्तकात सापडते. व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरील गोऱ्या वसाहतवाल्यांना हिवाळा म्हणजे सुरक्षिततेचा काळ वाटे, कारण बर्फात हल्ले होत नसत. मध्येच हवा उबदार झाली, की हल्ल्यांची धास्ती पुन्हा सुरू होई. ज्यांची जमीन गेली त्यांच्या प्रतिकाराचे दिवस, असा अर्थ घेतला तर हा शब्द मुळात आनंदाचा नव्हे, भीतीचा ठरतो. अल्बर्ट मॅथ्यूज या अभ्यासकाने १९०२ मध्ये 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये या शब्दाचा कसून मागोवा घेतला. पण यांपैकी कोणत्याही तर्काला तो निर्णायक पुरावा देऊ शकला नाही.

वृत्तपत्रांनीही हा शब्द जोपासला. 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये जॉन मॅककचन यांचे या विषयावरील व्यंगचित्र १९०७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. शेकोटीजवळ बसलेला म्हातारा नातवाला सांगतो, की मक्याच्या कडब्याच्या गंजी म्हणजे तंबू आणि धूर म्हणजे नाचणाऱ्या इंडियनांची भुते. वाचकांना ते इतके आवडले, की १९१२ पासून दर शरदात ते पुन्हा छापण्याची प्रथाच पडली. मात्र एका उद्ध्वस्त केल्या गेलेल्या समाजाकडे अशा भाबडेपणाने पाहणे पुढच्या पिढ्यांना खटकू लागले आणि १९९२ नंतर ती प्रथा थांबली. अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीने २०२० मध्ये आपल्या परिभाषाकोशात 'इंडियन समर'ऐवजी 'सेकंड समर', म्हणजे दुसरा उन्हाळा, हा शब्द घेतला. बोलण्यात अजून जुनाच शब्द चालतो.

आपल्या भारतावरून याच शब्दावर कोटी करण्याचा मोह इंग्रजी लेखकांना आवरत नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. पत्रकार जेम्स कॅमेरॉन यांचे भारतावरील पुस्तक, ॲलेक्स फॉन टुन्झेलमान यांचे १९४७ च्या सत्तांतरावरील पुस्तक (२००७) आणि क्रिकेट प्रशिक्षक जॉन राइट यांच्या आठवणी (२००६), या तिन्ही पुस्तकांच्या नावांत हा शब्द आहे.

म्हाताऱ्यांचा उन्हाळा

अमेरिकेतून हा शब्द येण्यापूर्वी युरोपकडे नावे नव्हती, असे नाही. इंग्लंडमध्ये १८ ऑक्टोबरच्या आसपासच्या उबेला संत ल्यूकचा उन्हाळा म्हणत. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात राजपुत्र म्हाताऱ्या पण रंगेल फॉलस्टाफला याच जातीच्या नावाने चिडवतो. स्वीडनमध्ये ७ ऑक्टोबरच्या नामदिनावरून ब्रिजिटचा उन्हाळा, तर स्पेनमध्ये सप्टेंबरअखेर संत मायकेलचा आणि नोव्हेंबरमध्ये संत मार्टिनचा.

जर्मनीतील नाव सर्वांत गमतीचे: 'आल्टवायबरझोमर', शब्दशः म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा. हंगेरीत आणि रशिया-पोलंडकडेही याच अर्थाची किंवा बायकांचा उन्हाळा अशा अर्थाची नावे आहेत. या शांत, कोरड्या दिवसांत कोळ्यांची पिल्ले रेशमाचा बारीक धागा हवेत सोडतात आणि त्याच्या आधाराने तरंगत दूरवर जातात. पहाटेच्या दवात हे धागे चमकतात, झुडपांवर अडकतात, माणसांच्या अंगावर येऊन बसतात. त्यांत लोकांना म्हातारीचे पांढरे केस दिसले, असे सांगतात. धागे विणण्याच्या जुन्या जर्मन क्रियापदाशीही या नावाचा संबंध जोडला जातो. आपल्याकडे रुईच्या बोंडातून सुटून उडणाऱ्या रेशमी तंतूंना मुले 'म्हातारी'च म्हणतात, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. पोलिश चित्रकार युझेफ हेउमोन्स्की यांच्या १८७५ मधील प्रसिद्ध चित्रात माळावर उताणी पडलेली, अनवाणी गुराखी मुलगी हातात असाच एक धागा धरून पाहत आहे. वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात हे चित्र आहे.

हे नाव वयोवृद्ध स्त्रियांचा अपमान करणारे आहे, अशी तक्रार घेऊन एक वृद्धा जर्मनीत न्यायालयातही गेली होती. १९८९ मध्ये डार्मश्टाट येथील न्यायालयाने हवामानवृत्तात हा शब्द वापरल्याने कोणाच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काला बाध येत नाही, असा निकाल दिला. ज्यांच्या नावाने ऋतू ओळखला जातो त्यांना विचारले कोणीच नव्हते, ही तक्रार अमेरिकेतील तक्रारीपेक्षा फार वेगळी नाही.

संत मार्टिनच्या नावामागे मात्र सुरेख कथा आहे. हा रोमन सैनिक थंडीवाऱ्यात घोड्यावरून जात असताना त्याला उघडा भिकारी दिसला. त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. लगेच ढग फाटले आणि ऊन पडले. ११ नोव्हेंबर हा त्याचा दिवस. पोर्तुगालमध्ये त्या दिवशी शेकोटीवर चेस्टनट भाजतात आणि नवी दारू चाखतात. पूर्वेकडे जपानी लोक आरंभीच्या हिवाळ्यातील अशा दिवसाला 'लहानसा वसंत' म्हणतात. चिनी लोक मात्र शरदातील उकाड्याला 'शरदाचा वाघ' म्हणतात. ऑक्टोबरात घामाघूम होणाऱ्या मराठी माणसाला हे नाव अधिक पटेल.

आपला ऑक्टोबर

आपल्याकडेही परतीच्या पावसानंतर तापमान चढते, पण ती गोष्ट वेगळी. युरोप-अमेरिकेत थंडी सुरू झाल्यानंतर ऊब परतते. आपल्याकडे थंडी अजून यायचीच असते. भारतीय हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. ढगांचे छत्र जाते, जमिनीत ओल भरपूर असते आणि वारा पडतो. मुंबईत जमिनीकडून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांचा जोर असला, की समुद्रावरचा वारा उशिरा पोहोचतो आणि पारा पस्तिशी ओलांडतो. आयुर्वेद शरदात पित्ताचा प्रकोप सांगतो, तो याच हवेमुळे. तरीही या उन्हाला नुसते दूषण देणे अन्यायाचे होईल. कोकणात कापलेले हळवे भात वाळायला हेच ऊन लागते. विदर्भात कपाशीची बोंडे यातच फुटतात. नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर या दिवसांत पाऊस पडला, तर डावणीचा रोग बागायतदाराची झोप उडवतो.

द्राक्षांवरून आठवले. हंगेरीतील टोकाय आणि फ्रान्समधील सोतेर्न या जगप्रसिद्ध गोड वाइन शरदातल्या उबेचीच देणगी आहेत. सकाळी नदीवरून आलेले धुके आणि दुपारी कोरडे ऊन असे आलटून पालटून मिळाले, तर द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी धरते. ती फळातील पाणी उडू देते आणि साखर दाट करते. धुके नसेल तर बुरशी धरत नाही, ऊन नसेल तर फळ कुजते. काही वर्षी हा मेळ बसतच नाही.

ऊब वेळेवर जाईना

या साऱ्या कौतुकाचा आधार एकच होता: असे दिवस थोडे असत आणि त्यांच्या आधी थंडी येऊन गेलेली असे. आता हा क्रम ढळू लागला आहे. २०२३ चा सप्टेंबर जर्मनी, फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया आदी देशांत नोंदींच्या इतिहासातील सर्वांत उष्ण सप्टेंबर ठरला. थंडीच आलेली नसेल तर परतलेल्या उबेला दुसरा उन्हाळा कसा म्हणावा? पानगळीच्या रंगांवरही परिणाम होतो. लाल रंग खुलायला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. रात्रीही उबदार राहिल्या तर मेपलची पाने फिकी पडतात.

२०२४ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील मराठी घरांनी याचा दोन्ही अंगांनी अनुभव घेतला. त्या वर्षी दिवाळी ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबरला आली, म्हणजे ऐन हॅलोविनला. शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची सुटीही त्याच वर्षी प्रथम मिळाली. त्यातच पारा २७ अंशांच्या आसपास पोहोचला. एरवी रेशमी साडीवर जाड कोट चढवून दिवाळीच्या कार्यक्रमाला जावे लागते. त्या वर्षी पणत्या बिनधास्त बाहेर लावता आल्या. पण याच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क केंद्रावर महिनाभरात एका इंचाचा शंभरावा हिस्सा एवढाच पाऊस नोंदला गेला होता. १८६९ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा महिना दुसरा नाही. वाळलेल्या पाचोळ्याने ८ नोव्हेंबरला ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये पेट घेतला. न्यूयॉर्क-न्यूजर्सी सीमेवरील जंगलात लागलेल्या वणव्याने पाच हजारांहून अधिक एकर क्षेत्र जाळले आणि तो विझवताना एका १८ वर्षांच्या तरुण कर्मचाऱ्याचा बळी गेला. शहराच्या उद्यानांत शेगडी पेटवण्यास बंदी घालण्यात आली. पुरेसा पाऊस आला तो २० नोव्हेंबरच्या रात्री.