पाखरांचें नांव आणि पाखरांची ओळख

पक्ष्याचें नांव कळणें आणि पक्षी कळणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिली क्षणांत साधते. दुसरीसाठीं निदान एक ऋतुचक्र तरी पुरें व्हावें लागतें. रानांतील पाखरांचीं छायाचित्रें घेण्याच्या कलेचा इतिहास पाहूं गेल्यास, तो या दोहोंमधील अंतर हळूहळू उमजत गेल्याचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत पक्षिशास्त्र हें मुख्यतः बंदुकीचें शास्त्र होतें. पक्षी मारावा, त्याचें कातडें सोलून त्यांत कापूस भरावा, पायास चिठ्ठी बांधावी आणि तो पेटींत ठेवावा, अशी रीत होती. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं हिंदुस्थानांत जमविलेला असा संग्रह १८८५ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला. त्यांत पाऊण लाखाच्या वर नमुने होते. या श्रमांस आम्ही कमी लेखीत नाहीं. पक्ष्यांच्या जाती कोणत्या आणि त्यांचे प्रदेश कोणते, याची घडी अशा संग्रहांमुळेंच बसली. परंतु पेटींतला पक्षी हा एकाच दिवसाचा पक्षी असतो. तो जोडीदार कसा मिळवी, घर कोण बांधी, पिलांस कोण भरवी, या प्रश्नांपुढें कातडें मुकें राहतें.

या रीतीस पहिला मोठा छेद दिला तो इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याच्या दोघां भावांनीं. थोरला रिचर्ड कर्टन लेखक, धाकटा चेरी छायाचित्रकार. १८९२ च्या एप्रिलांत लंडनच्या उत्तरेस थ्रश पक्ष्याच्या एका घरट्याचें चित्र चेरीनें घेतलें. त्या एका चित्रांतून पुस्तकाची कल्पना निघाली आणि १८९५ सालीं ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील चित्रें कुंचल्यानें काढलेलीं नव्हतीं. जेथलें घरटें तेथेंच कॅमेरा नेऊन तीं घेतलेलीं होतीं. त्या काळचा कॅमेरा म्हणजे जड पेटी, लांकडी तिकाटणें आणि कांचेच्या प्लेटा. हें सारें ओझें घेऊन कडे आणि झाडें चढावीं लागत. पक्षी बुजूं नये म्हणून या भावांनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर ताणून पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटांत तासन्‌तास उभें राहून चित्रें घेतलीं. पाहणाऱ्यांस तो विदूषकी चाळा वाटला असेल. पण त्या पोटांतल्या माणसास जें दिसलें तें बंदूकवाल्यास कधींच दिसलें नव्हतें. त्याच्यासमोर पक्षी निर्धास्तपणें आपला संसार करीत होता.

याहूनही अधिक धीर एमा टर्नर या विदुषीनें दाखविला. नॉर्फकमधील हिकलिंग ब्रॉड या विस्तीर्ण सरोवरांत त्यांनीं स्वतःच्या आंखणीप्रमाणें बांधविलेल्या नौकागृहांत दरवर्षीं कांहीं काळ याप्रमाणें पंचवीस वर्षें मुक्काम केला. बगळ्याच्या कुळांतला, वेतांत दडून राहणारा बिटर्न हा पक्षी शिकारीमुळें व पाणथळी उपसल्यामुळें ब्रिटनमध्यें वीण करीनासा झाला होता. १९११ सालीं टर्नरबाईंनीं त्याच्या पिलाचें छायाचित्र घेतलें. एका पिलाचें तें चित्र. पण गेलेला पक्षी परत आला आहे, याचा तो पुरावा ठरला. पूर्वीं असा पुरावा देण्यासाठीं तें पिलूंच मारावें लागलें असतें!

तथापि, कॅमेरा हातीं घेतला कीं मनुष्य आपोआप अहिंसक होतो, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. चित्र स्वच्छ यावें म्हणून घरट्यावरची पानें तोडणारा, पिलांस उन्हांत उघडें पाडणारा आणि कावळ्यास वाट दाखविणारा छायाचित्रकारही असतो. म्हणूनच ब्रिटनमध्यें १९८१ च्या कायद्यानें ठराविक दुर्मिळ पक्ष्यांस घरट्यावर त्रास देणें हा गुन्हा ठरविला, आणि त्यांचें तेथें चित्र घेऊं इच्छिणारासही परवाना घेणें भाग पाडलें. हांव तीच राहिली तर हत्यार बदलून काय उपयोग? कॅमेऱ्याचा खरा लाभ त्याच्या कांचेंत नसून, तो माणसास वाट पाहावयास लावतो, यांत आहे.

वाट पाहण्याची ही विद्या आपल्याकडेही कशी फळास आली, याचें उदाहरण अलिबागजवळच्या किहीम गांवीं सांपडतें. जर्मनींत शिकून परतलेले सालीम अली १९३० सालीं नोकरीवांचून तेथें राहत होते. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने ते ती पाहत बसले आणि १९३१ सालीं आपलीं निरीक्षणें त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं. नर अर्धा खोपा विणतो. मादी येऊन त्याची पाहणी करते. पसंत पडल्यास ती तेथें बिऱ्हाड थाटते. मग नर तो खोपा पुरा करून दुसरा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो!

आपल्या भाषेनें या पक्ष्यास सुगरण असें स्त्रीलिंगी नांव देऊन विणकामाचें सारें श्रेय मादीस दिलें. विणकर नर आहे हें खरें. पण त्या कामाची पारख करणारी आणि पिलांचा भार मुख्यत्वें वाहणारी मादीच आहे. तेव्हां नांव चुकलें म्हणावें तर तें अर्धेंच चुकलें. त्यांतही आषाढांत पिवळ्याधमक टोपीनें मिरवणारा हा नर हिवाळ्यांत मादीसारखाच, चिमणीच्या रंगाचा होतो. एकाच ऋतूंत त्यास पाहणारा दुसऱ्या ऋतूंत त्यास ओळखीलच असें नाहीं.

हल्लीं खिशांतलें यंत्र छायाचित्रावरून पक्ष्याचें नांव तत्काळ सांगतें. ही सोय चांगलीच आहे. पण नांव मिळालें कीं कुतूहल संपावें, अशी तिची गत होऊं नये. घरांतील मुलांनीं शंभर पक्ष्यांचीं एकेक चित्रें जमविण्यापेक्षां अंगणांतल्या एका दयाळाचीं बारा महिन्यांचीं बारा चित्रें घ्यावींत. चैत्रांत भल्या पहांटे गाणारा तो पक्षी पौषांत कां गप्प असतो, हें त्यांच्या मनांत येईल, तेव्हांच ओळखीस आरंभ झाला असें समजावें.