हुक्का व चिलीम : स्वच्छता आणि जतन

तंबाखूचा धूर ओढण्याच्या जुन्या साधनांची साफसफाई, दुरुस्ती व संरक्षण यांचा विचार दोन भिन्न दृष्टींनी करावा लागतो. ही साधने नित्य वापरात होती, तेव्हा धूर मोकळा व चवदार यावा म्हणून ती साफ केली जात. वापर सुटल्यावर ती ऐतिहासिक वस्तू ठरली आणि तिचे स्वरूप व तिच्यावरील वापराच्या खुणा टिकविणे हा स्वच्छतेचा हेतू झाला. पहिल्या स्वच्छतेत जे किटण काढून टाकावयाचे, तेच दुसऱ्या स्वच्छतेत पुष्कळदा राखावयाचे असते. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेक जुनी साधने केवळ घासूनपुसून निकामी झाली आहेत. नागपूरसारख्या ज्या शहरात राजघराण्याचा चीजवस्तूंचा संग्रह विखुरला गेला, तेथे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

प्रसार : तंबाखू पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली व तेथून दख्खनमध्ये पसरली. विजापूरहून परतलेल्या असद बेगने सु. १६०४ मध्ये अकबराला तंबाखू व रत्नजडित नळी नजर केली. अकबराने ती ओढून पाहिली. तथापि राजवैद्याने या अपरिचित वनस्पतीस हरकत घेतली. धूर पाण्यातून आणण्याची युक्ती हकीम अबुल फतह गिलानी याने शोधली, अशी समजूत रूढ आहे. पण गिलानी १५८९ मध्ये वारला. त्यामुळे असद बेगच्या तंबाखूसाठी त्याने हुक्का योजला, हे संभवत नाही. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानावर बंदी घातली. परंतु तिचा फारसा परिणाम झाला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस हुक्का हा दख्खनमधील दरबारी व खाजगी बैठकींचा एक भाग बनला होता.

मराठी मुलुखात हुक्क्याच्या लहान प्रकारास गुडगुडी म्हणत. सामान्य माणसाची गुडगुडी नारळाच्या करवंटीची असे, तर श्रीमंतांची पितळ, चांदी, काच वा बिदरी कामाची. साधू-बैरागी व कष्टकरी यांच्यात मातीची चिलीम प्रचलित होती. तिच्या अरुंद टोकाभोवती भिजवलेल्या फडक्याची छापी गुंडाळीत. १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसविलेले नागपूर १७४३ च्या सुमारास पहिल्या रघूजी भोसल्यांच्या हाती आले. भोसल्यांच्या काळात दख्खन, उत्तर हिंदुस्थान व बंगाल यांच्याशी या शहराचे निकटचे संबंध जडले. १८२१ मध्ये जवळच कामठीची लष्करी छावणी वसली. इंग्रज अधिकारीही आरंभी हुक्का ओढीत. पुढे चिरूट आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रायर लाकडाचा पाइप यांनी त्याची जागा घेतली.

वापरातील स्वच्छता : हुक्क्याचे चार मुख्य भाग असतात : तंबाखू व निखारे ठेवण्याची चिलीम, धूर खाली नेणारी उभी नळी, पाण्याचे भांडे व ओढण्याची लवचिक नळी. जुन्या गोलाकार भांड्यांना बसण्यासाठी चुंबळीसारखे कडे लागे. अठराव्या शतकात सपाट बुडाची, घंटेच्या आकाराची भांडी रूढ झाली. पाणी वारंवार बदलणे, नळीत गज घालून चिकटा काढणे, चिलमीतील जळका गुल झाडणे व कापडी वेष्टन ओले राखणे ही कामे रोजची असत. श्रीमंतांघरी त्यासाठी हुक्काबरदार हा स्वतंत्र नोकर असे. साधन जितके वैभवशाली, तितकी त्याची निगा खर्चिक होती. विसाव्या शतकात गोंदिया-भंडारा परिसरात तेंदूच्या पानांवर आधारलेला विडीउद्योग वाढला. विडीला भांडे, पाणी वा नोकर यांपैकी काहीच लागत नसे. हुक्का मागे पडण्याच्या कारणांत त्याच्या निगेचा हा भार ध्यानात घेण्यासारखा आहे.

बिदरी हुक्के : जतनाच्या दृष्टीने बिदरी कामाचे हुक्के सर्वांत नाजूक होत. हे काम बीदरच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या मिश्रधातूत जस्ताचे प्रमाण फार मोठे व तांब्याचे अल्प असते. ओतीव भांड्यावर नक्षी कोरून तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. नंतर भांडे किंचित तापवून त्यास बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. या लेपाने जस्ताचा पृष्ठभाग काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. काळ्या-पांढऱ्याचा हा विरोध म्हणजेच बिदरी कामाचे सौंदर्य आणि तो केवळ एका पातळ थरावर अवलंबून असतो.

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे कालांतराने चांदीही काळवंडते. नक्षी काळ्या पार्श्वभूमीत लोपते व भांडे साध्या लोखंडाचे वाटू लागते. सणासुदीला पितळी भांडी चिंच व राखेने घासण्याची रीत घरोघरी आहे. तीच येथे वापरली, तर चिंचेतील आम्ल जस्तावर क्रिया करून काळा थर उडविते आणि भांडे एकसारखे करडे दिसू लागते. चांदी उजळविण्याच्या आम्लयुक्त द्रावणांचा परिणामही असाच होतो. हा थर कारागिराकडून पुन्हा चढविता येतो. पण तो नवा असतो व मूळ थराबरोबर गेलेला पुरावा परत येत नाही. म्हणून केवळ चांदीच्या रेषांवर खडूची अतिसूक्ष्म पूड व मद्यार्क यांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच काम करणे आणि काळा भाग कोरड्या मऊ कापडाने पुसणे, एवढेच इष्ट मानतात.

चिलीम व पाइप : मातीची चिलीम सच्छिद्र व बहुधा कमी भाजलेली असते. ती पाण्यात भिजत घातल्यास मुरलेले क्षार वाळताना पृष्ठभागावर येतात व पापुद्रे सुटतात. म्हणून ती कोरड्या मऊ कुंचल्याने साफ करतात. फुटलेले तुकडे जोडण्यास पॅरालॉइड बी-७२ यासारखी विद्राव्य राळ वापरतात, कारण अशी जोडणी पुढे गरज पडल्यास सोडविता येते. केलेली दुरुस्ती पूर्ववत करता यावी, हे आधुनिक जतनशास्त्राचे एक मूलभूत तत्त्व आहे.

ब्रायर पाइप हे भूमध्य सागरी प्रदेशातील एका झुडपाच्या मुळाशी होणाऱ्या गाठीपासून करतात. त्याच्या वाटीत साचणारा कोळशाचा पातळ थर लाकडाला जळण्यापासून वाचवितो. म्हणून ओढणारे तो मुद्दाम राखतात. थर फार जाड झाला, तर तापल्यावर त्याच्या दाबाने वाटी तडकते. वापरातील पाइप साफ करताना वाटीत मीठ व मद्यार्क घालून चिकटा शोषून घेण्याची पद्धत आहे. संग्रहातील पाइपाला ती सहसा लावीत नाहीत. जुन्या पाइपांचे तोंडाचे टोक बहुधा गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे असते. प्रकाश व हवा यांमुळे ते हिरवट-तपकिरी होते. जोराने घासल्यास त्यावरील दातांच्या खुणा व कारखान्याची मुद्रा नाहीशी होते.

नागपूर येथील प्रश्न : डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील हत्ती, घोडे व बैल यांचा लिलाव झाला आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास नेण्यात आले. १८६४ मध्ये महालातील लाकडी कोरीव कामाने नटलेला राजवाडाही आगीत भस्मसात झाला. शहरातील मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय, म्हणजेच लोकांचा ‘अजब बंगला’, आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये स्थापन झाले होते. त्यामुळे त्या काळातील घरगुती व दरबारी वस्तूंपैकी ज्या पुढे जुन्या वाड्यांतून वा बाजारातून हाती येतात, त्यांच्या मालकीची नोंद क्वचितच मिळते. अशा वस्तूबाबत तिच्यावरील झीज, जुने डाग, पूर्वीची डागडुजी व नळीच्या आतील काजळी एवढाच पुरावा उरतो. त्या काजळीत निकोटिनाचे अंश दीर्घकाळ टिकतात. रासायनिक पृथक्करणाने ते ओळखता येतात आणि चिलमीत तंबाखू होती की गांजा, हेही सांगता येते. आतून धुऊन लख्ख केलेला हुक्का शोभेची वस्तू म्हणून उरतो. त्याचे साक्षीपण संपते.

येथील हवामानही प्रतिकूल आहे. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते व हवा अतिशय कोरडी असते. पावसाळ्यात तीच दमट होते. या आंदोलनामुळे लाकडी नळ्या व करवंट्या तडकतात, कापडी वेष्टनांवर बुरशी येते व जस्तावर पांढरी भुकटी धरते. म्हणून अशा वस्तू भिंतीतील ओलसर कोनाड्यात किंवा पत्र्याच्या छपराखाली न ठेवता स्थिर तापमानाच्या, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवाव्या लागतात. साफ करण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, काढलेली काजळी वेगळ्या कुपीत जपणे व केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद ठेवणे आवश्यक असते. जुन्या किटणात निकोटिन असल्याने हातमोजे घालणे हितावह ठरते.

शंभर वर्षांहून जुन्या अशा कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येतात व त्या परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. तंबाखूचे दुष्परिणाम आता निर्विवाद ठरले असून महाराष्ट्रात २०१८ मध्ये हुक्कागृहांना कायद्याने मनाई झाली. व्यसन म्हणून हुक्का त्याज्य असला, तरी धातुकाम, व्यापार, आतिथ्य व सेवकवर्गाचे श्रम यांचा तीन शतकांचा इतिहास त्याच्या अंगावर उमटलेला आहे. तो वाचता यावा, इतपतच त्याची स्वच्छता करणे हे जतनाचे साध्य होय.