व्हिडिओ गेममधील भयानक रस

सन २००२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. दौऱ्यावरून एका रात्री उशिरा इंदूरला परतलो, तो बाहेरच्या खोलीत अंधार, टीव्हीचा करडा उजेड आणि रेडिओची खरखर. चिरंजीव प्लेस्टेशनचा कंट्रोलर घट्ट धरून बसले होते. मी दिवा लावताच तो किंचाळून उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी ते यंत्र मी वार्षिक परीक्षा होईपर्यंत कपाटात कुलूपबंद केले. मुलगा पडद्यावरील राक्षसांना भितो, अशी माझी समजूत होती. निवृत्तीनंतर या विषयाचा थोडा मागोवा घेतला, तेव्हा ती बरीचशी चुकीची ठरली.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे रस वेगळे मानले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भयानकाची कारणे सांगताना त्यांनी विकृत ध्वनी, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे, अरण्य आणि ओसाड घर यांचा निर्देश केला आहे. रक्तामांसाचा चिखल दाखविणारे व्हिडिओ गेम पुष्कळ निघाले. ते सारे बीभत्साच्या खात्यात जमा. ओसाड घर आणि विकृत ध्वनी यांचे मर्म खरे ओळखले ते प्रामुख्याने जपानी रचनाकारांनी.

१९८९ मध्ये कॅपकॉम कंपनीने ‘स्वीट होम’ हा गेम काढला. १९९२ मध्ये फ्रान्समधून ‘अलोन इन द डार्क’ आला. त्यात पात्रे हलती, पण घराच्या खोल्या ठरावीक कोनांतून रंगविलेल्या चित्रांसारख्या स्थिर. या दोहोंचा वारसा घेऊन १९९६ मध्ये शिंजी मिकामी यांनी ‘रेसिडेंट इव्हिल’ दिग्दर्शित केला. तत्कालीन प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट. पुढील खोलीचा तपशील तबकडीवरून वाचून घेण्यास यंत्राला काही क्षण लागत. तेवढ्यात पडदा काळा करून एक दार सावकाश उघडताना दाखविले जाई. उद्देश वेळ काढण्याचा. परिणाम असा, की दाराआड काय आहे याचा विचार करण्यास खेळणाऱ्याला भरपूर सवड मिळे. स्थिर कोनांमुळे वळणापलीकडचे दिसत नसे, पावले मात्र ऐकू येत. एका ओवरीत खिडकीची काच फोडून कुत्रे आत झेपावतात. तो धक्का क्षणाचा असतो, पण त्यानंतर वाड्यातील प्रत्येक खिडकी संशयित होते.

या खेळातील एका वस्तूने मला विशेष आनंद दिला. खेळातील प्रगती नोंदवून ठेवायची, तर टंकलेखन यंत्र गाठावे लागते आणि दर खेपेस शाईची एक फीत खर्ची पडते. फिती मोजक्याच. आमच्या कचेरीत फितीसाठी मागणीपत्र, त्यावर शेरा, मग भांडारपालाची मिनतवारी असा क्रम असे. जुनी फीत अक्षरे उमटेनाशी होईपर्यंत चालवावी लागे. त्यामुळे फीत आता वापरावी की राखून ठेवावी, ही विवंचना मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्या खेळात क्रिस या पात्राला ६ आणि जिलला ८ वस्तूच जवळ बाळगता येतात. गोळ्या घेतल्या तर औषधाला जागा नाही. भुतापेक्षा हा हिशेबच माणसाला अधिक घाम फोडतो.

१९९९ मध्ये कोनामीचा ‘सायलेंट हिल’ आला. माझा मुलगा त्या रात्री खेळत होता तो हाच. नायक हॅरी मेसन हा शिपाईगडी नव्हे, एक सामान्य लेखक. हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप. संपूर्ण गाव दूरवर दाखविण्याची यंत्राची ताकद नव्हती, म्हणून रचनाकारांनी ते धुक्यात बुडविले. हॅरीच्या खिशातील रेडिओ संकट जवळ आले की खरखरू लागतो. खरखरीतून कान देऊन रेडिओ सिलोन हुडकण्यात आमच्या पिढीचे बालपण गेले. येथे त्याच खरखरीने जीव टांगणीला लागतो, कारण आवाज येतो पण दिशा कळत नाही.

पुढे यंत्रे बलवान झाली. २००५ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’ मध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आला, दारूगोळाही सढळ झाला. गेम म्हणून तो उत्तम गणला जातो. भय मात्र उणावले, असे माझे मत. याउलट २०१० मध्ये स्वीडनच्या ‘ॲम्नेशिया’ने खेळणाऱ्याच्या हातचे शस्त्रच काढून घेतले. त्यातील राक्षसाकडे पाहत राहिल्यास नायकाचे मन ढळते, म्हणून कोपऱ्यात तोंड लपवून बसावे लागते. २०१२ मध्ये ‘सायलेंट हिल’च्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांची सुधारित आवृत्ती निघाली, तीत धुकेच बिघडले आणि रचनेच्या उघड्या कडा दिसू लागल्या. रसिकांनी तिच्यावर कडाडून टीका केली. नाटकाच्या पडद्यामागे लोंबणारे दोर प्रेक्षकांना दिसावेत, तसे झाले.

आपल्या सभेच्या ग्रंथालयातून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी आधाशासारखे वाचले आहेत. कथेतील नायक तळघराच्या पायऱ्या उतरतो तेव्हा आपण मनात ‘जाऊ नको’ म्हणतो; तो जातोच, आणि त्याचा दोष आपल्याकडे येत नाही. व्हिडिओ गेममध्ये आपण उतरल्याशिवाय तो उतरत नाही.

२०२४ च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, तेव्हा सोबत ‘सायलेंट हिल’च्या दुसऱ्या भागाची त्याच वर्षी नव्याने रचलेली आवृत्ती होती. आताची यंत्रे बलवान, तरी धुके जागेवर ठेवलेले. नायक जेम्सला तीन वर्षांपूर्वी मरण पावलेल्या पत्नीचे पत्र आले आहे आणि तो तिला शोधत निघाला आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर एका बंद दाराशी थांबून मुलाने कंट्रोलर माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “बाबा, आता तुम्ही उघडा.”

आतून काहीतरी सरपटल्याचा आवाज येत होता. पाच-सात मिनिटे मी तसाच बसून राहिलो. शेवटी उठून दिवा लावला.