अग्निबाणाखालची जमीन

अग्निबाणांच्या इतिहासकारांची नजर सहसा आकाशाकडे असते. भाजणारी जमीन अलिखितच राहते. २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासमधील बोका चिका येथे ‘स्टारशिप’च्या ज्वाळांनी तळाचे काँक्रीट फोडून खड्डा पाडला, धूळ पोर्ट इझाबेल गावावर जाऊन पडली. पाण्याने थंड राहणारे जाड पोलादी पत्रे तेव्हा तयार होत होते. पण फेब्रुवारीतल्या निम्म्या जोराच्या चाचणीवरून, काँक्रीट एक उड्डाण सोसेल, असे एलॉन मस्क यांनी मानले. वास्तविक, आत पाणी असेतो भांडे जळत नाही, हे अल्लीपूरच्या चुलीलाही ठाऊक! पुढे पत्रे बसले; छिद्रांतून उसळणारे पाणी उष्णता शोषून वाफ होऊ लागले. १८ नोव्हेंबर २०२३ च्या उड्डाणानंतर तळ शाबूत होता.