सार्वजनिक काका

हिंजवडीतील आमचे विद्यार्थी शिपायापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना ‘काका’ म्हणतात, तेव्हा आम्हांला पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी (१८२८-१८८०) आठवतात. १८७० साली त्यांनी सार्वजनिक सभा स्थापिली आणि घरातले हे नाते गावाचे झाले. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेशात गेले. पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रीविचारवती सभा काढली. म्हणजे संसार आणि समाजकार्य यांत त्या घरी भिंत नव्हती. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा आरोपीच्या बचावास काकाच उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली. पुढल्याच वर्षी काकाही निवर्तले. हरण्याची खात्री असलेला खटला माणूस आपल्या रक्ताच्या माणसासाठी लढतो. काका तो परक्यासाठी लढले. आमच्या मते, त्या पदवीचा खरा अर्थ हाच.